पारितोषिकापासून उंबरठ्यापर्यंत

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभातील व्याख्यानाचा संपादित भाग)



‘नोबेल पारितोषिकप्राप्त शोध आणि आपले आरोग्य’ हा विषय आपण मला दिलात. हा विषय दूरच्या स्टॉकहोमचा आहे, भंडाऱ्याशी त्याचा काय संबंध, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तो संबंध फार निकटचा आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आल्फ्रेड नोबेल यांनी 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिस येथे आपल्या मृत्युपत्रावर स्वाक्षरी केली. त्याच महिन्याच्या 8 तारखेला जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता आणि 1901 मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले पारितोषिक त्यांनाच मिळाले. आज मोडलेल्या हाडासाठी आपण ‘फोटो’ काढतो, तो याच शोधाचा प्रसाद. रक्त चढविण्यापूर्वी रक्तगट पाहिला जातो, त्यामागे कार्ल लँडस्टायनर यांचे 1930 चे पारितोषिक आहे. मधुमेही रुग्णाच्या इन्सुलिनमागे 1923 चे आहे. शेतातील युरियाचे मूळ फ्रिट्झ हेबर यांना 1918 साठी मिळालेल्या पारितोषिकाच्या शोधात आहे, तर घरातील एलईडी दिव्याचे 2014 च्या. ही यादी लांबविता येईल. परंतु त्यापेक्षा आपल्या मातीतील तीन आजारांकडे पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते.

हिवताप

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. वैनगंगेचे खोरे, माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि पावसाळ्यात भरलेल्या बांध्या हे आपले वैभव आहे; मात्र साचलेले पाणी डासांनाही प्रिय असते. डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे पाहिले आणि 1902 मध्ये त्यांना पारितोषिक मिळाले. डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखणारे पॉल म्युलर 1948 चे मानकरी ठरले. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथातील उल्लेखावरून एका वनस्पतीचा अर्क उकळून न काढता कमी तापमानात काढला, आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. हे औषध त्यांनी प्रथम स्वतः घेऊन पाहिले. 2015 मध्ये त्यांचा गौरव झाला.

इतके सारे झाल्यावर उरते काय? घरात फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी भिंत सारवली जाते आणि औषध मातीखाली जाते. व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडून बसलेले परोपजीवी नष्ट करण्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते; पण तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. काही महिन्यांनी ताप पुन्हा येतो, तेव्हा दोष औषधाला दिला जातो.

हत्तीपाय

पूर्व विदर्भात या रोगाचे ठाण फार जुने आहे. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याचे सूक्ष्म जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून एक जीवाणू वेगळा केला. विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातील कृमिनाशक द्रव्य ओळखले. त्यापासून आयव्हरमेक्टिन तयार झाले आणि 2015 च्या पारितोषिकात तू यूयू यांच्यासोबत हे दोघेही सहभागी झाले. डीईसी व अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची तिहेरी औषधयोजना 2019 च्या जानेवारीत शेजारच्या नागपूर जिल्ह्यात सुरू झाली. मूठभर मातीतून निघालेले औषध अशा रीतीने वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत आले. (कोरोनाच्या काळात हेच औषध अनेकांनी मनाने घेतले, मोठ्या चाचण्यांत त्या आजारावर त्याचा लाभ दिसला नाही. शोध थोर असला तरी तो प्रत्येक रोगावर चालत नाही.)

येथे एक अडचण नीट समजून घ्यावी. हत्तीपायाचे जंतू रक्तात असूनही माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, आणि त्याच काळात त्याच्यामुळे रोग पसरत असतो. म्हणून या मोहिमेत दोन वर्षांखालील बालके, गरोदर माता आणि गंभीर आजारी व्यक्ती वगळून निरोग्यांनाही गोळ्या दिल्या जातात. “मला काय झाले आहे?” असे म्हणून माणूस गोळ्या खिशात टाकतो. आशाताई “माझ्यासमोर घ्या” असा आग्रह धरतात, तो याचसाठी. गोळ्यांनंतर काहींना ताप वा डोकेदुखी होते; बहुधा ते जंतू मरत असल्याचे लक्षण असते आणि थोड्या वेळात शमते. पण त्याची कल्पना आधी दिली नाही, तर एका घरातील तक्रारीमुळे सारी आळी गोळ्या नाकारते. देशातून या रोगाचे उच्चाटन 2027 पर्यंत करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याचे यश प्रयोगशाळेपेक्षा या आळ्यांवर अधिक अवलंबून आहे.

ज्यांना रोग जडला आहे, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. अंडवृद्धी म्हणजे हायड्रोसील शस्त्रक्रियेने बरे होते. सुजलेला पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवला, तर वारंवार येणारा ताप व वेदना कमी होतात. लाजेपोटी हे रुग्ण घरात बसतात. त्यांना येथवर आणणे हे सेवाभावी संस्थेचे काम आहे.

सिकलसेल

विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर काही समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याचे निदान पक्के करणारी इलेक्ट्रोफोरेसिस पद्धत आर्ने टिसेलियस यांची. त्यांना 1948 चे रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीने या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे दाखविले. जनुक-संपादनासाठी एमान्युएल शार्पान्तिये आणि जेनिफर डाउडना यांना 2020 मध्ये गौरविण्यात आले आणि त्यावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचारास 2023 मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे सुमारे 22 लाख डॉलर ठरविण्यात आली.

हा उपचार आपल्या रुग्णांना केव्हा परवडेल, याची वाट अवश्य पाहू. परंतु बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी आजच हाताशी आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे विवाहापूर्वी कळले, तर तरुण-तरुणींना जाणतेपणाने निर्णय घेता येतो. दुर्दैवाने ‘वाहक’ हा शब्द मुलीच्या स्थळाला बाधक ठरेल, या भीतीने चाचणी टाळली जाते. वाहक हा रोगी नव्हे, हे प्रत्येक घरात स्पष्ट शब्दांत सांगावे लागेल.

बंधु-भगिनींनो, या तिन्ही आजारांत ज्ञान आहे, औषध वा चाचणी आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती विनामूल्यही आहे. उणीव आहे ती शेवटच्या काही पावलांची. ती पावले आशाताई चालतात, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ चालतात, रात्री रक्तनमुने घेणारे आरोग्य कर्मचारी चालतात. त्यांची नावे कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत येणार नाहीत. तथापि त्यांच्यावाचून त्या यादीतील शोध आपल्या गावापुरता निष्फळ ठरेल. म्हणून येत्या वर्षी आपल्या संस्थेने बाह्यरुग्ण विभागात विवाहयोग्य तरुणांसाठी सिकलसेल चाचणी आणि समुपदेशनास प्राधान्य द्यावे, तसेच हायड्रोसीलच्या रुग्णांसाठी शस्त्रक्रिया शिबिर घ्यावे, अशी नम्र सूचना करतो.