नवा ट्रॅक्टर दम का सोडतो?

कोणी एसटीत खिडकीला डोकं टेकवून ऐकत असाल, कोणी रानात मोटार चालू करून बांधावर बसला असाल. आजचा भाग ट्रॅक्टरवर आहे. हो, मी कोड लिहिते, पुण्यात बसते, आणि तरी आज ट्रॅक्टर. कारण जूनमधले दोन आठवडे मी गावी, बार्शी तालुक्यात, सकाळी ट्रॅक्टर आणि दुपारनंतर ऑफिस असे काढलेत, आणि खरं सांगू का, त्या दोन आठवड्यांत डिबगिंगचं जे शिकले ते नोकरीच्या पाच वर्षांत शिकले नव्हते.

झालं असं की आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पाडव्याला ५५ एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला. जुना ३५चा एक्स्चेंजला दिला, वर कर्ज काढलं. सहा महिन्याला हप्ता. हिशोब साधा होता, घरचं रान करायचं आणि उरलेल्या वेळात भाड्यानं रोटर मारून हप्ता काढायचा. एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टर एकदम मस्त. ५० तासांची पहिली सर्व्हिस झाली, ऑइल बदललं. आणि जूनच्या सुरुवातीला, नेमकी पेरणीआधीची घाई, ट्रॅक्टर दम सोडायला लागला. रोटर लावला की सुरुवातीला व्यवस्थित, मग अर्ध्या-पाऊण तासानं आरपीएम खाली, मीटरवर पिवळा दिवा, आणि रेस कितीही वाढवा, ५५चा ट्रॅक्टर २५चा असल्यासारखा. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चांगला.

ज्यांना शेतीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात लगेच जाता येत नाही, चिखल असतो. आणि जास्त थांबलं तर रान कडक होतं. मधे जे दोन-तीन दिवस मिळतात त्याला वाफसा म्हणतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद म्हणजे आपलं रान राहिलंच, पण ज्यांना शब्द दिला त्यांचंही राहिलं. आमच्याकडे शेजारच्या चौघांचं मिळून १४ एकर बुक होतं. त्यातल्या नानाकाकांनी दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रॅक्टर सांगितला. बोलले काही नाहीत, पण आण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

मी गावी पोचले तेव्हा सगळ्यांचं निदान तयार होतं. आण्णांचं निदान, "पंपावरचं डिझेल भेसळीचं हाय." पुरावा काय, तर टाकी फुल केली की त्रास सुरू. चुलतभावाचं निदान, कॉम्प्युटरवाल्या इंजिनात लॉक असतो, सोलापूरला एक जण मॅपिंग करून देतो. शोरूमचा मेकॅनिक एकदा येऊन गेला होता. त्यानं स्कॅनर लावला, रेल प्रेशर कमी असल्याचा कोड निघाला, त्यानं दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, ट्रॅक्टर तासभर झकास चालला, तो बिल करून गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच. आता तो म्हणत होता की पंप काढून पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस लागतील. पेरणीच्या तोंडावर आठ-दहा दिवस! आणि माझं निदान? मी सॉफ्टवेअरवाली, मला वाटलं बग आहे. हातात हातोडा असला की सगळीकडे खिळेच दिसतात, तसलं.

थोडं इंजिनाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १ जानेवारी २०२३पासून आपल्याकडे ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळे या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये कॉमन रेल इंजिनं आली. जुन्या इंजिनात पंप एकेका नळीतून एकेका इंजेक्टरला डिझेल मारायचा. नव्यात एका जाड नळीत, रेलमध्ये, हजार बारच्या वर दाबानं डिझेल भरून ठेवलेलं असतं आणि कॉम्प्युटर ठरवतो कुठला इंजेक्टर किती वेळ उघडायचा. हा दाब हवा तेवढा तयार होत नाही असं दिसलं की कॉम्प्युटर स्वतःच पॉवर कमी करतो, म्हणजे इंजिन वाचावं. म्हणजे दिवा लागला, पॉवर गेली, याचा अर्थ कॉम्प्युटर बिघडला असा नाही. उलट तो त्याचं काम करतोय. हे कळलं तेव्हा माझी बगची थिअरी तिथंच गेली.

आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. जुन्या ट्रॅक्टरला हवा धरली की चालू इंजिनावर इंजेक्टरची नळी ढिली करून हवा काढायची सवय आपल्या सगळ्या गावच्या मेकॅनिकना आहे. कॉमन रेलवर हे अजिबात करायचं नाही. तुमच्या टायरमध्ये दीड-दोन बार हवा असते, इथं हजाराच्या वर. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, हात जायची वेळ येते.

मग मी काय केलं, तर पहिल्या दिवशी काहीच दुरुस्त केलं नाही. वही घेऊन बांधावर बसले. चुलतभाऊ हसला, "ताई, ट्रॅक्टरचं पण स्टँडअप घेतीस का?"

पहिला प्रश्न असा की खरंच इंजिनाचीच पॉवर जातेय का? हे फार जण तपासत नाहीत. ट्रॅक्टर ओढत नाही, पण आरपीएमचा काटा जागेवर आहे, तर इंजिन ठीक आहे. मग एकतर चाकं घसरतायत नाहीतर क्लच घसरतोय. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर नव्या ट्रॅक्टरचा क्लचसुद्धा लवकर जातो, जळका वास येतो. आमच्याकडे काटाच खाली येत होता, म्हणजे इंजिनच. रोटर मोठा पडतोय का, तेही बघितलं. ५५ एचपी हा इंजिनाचा आकडा आहे, पीटीओवर त्याहून कमी मिळतात, आणि पीटीओचे ५४० फेरे इंजिनाच्या ठरावीक आरपीएमलाच मिळतात, त्याची खूण मीटरवर असते. पण हाच रोटर मेमध्ये याच रानात चालला होता. तो विषय संपला.

मग धूर. मला वाटतं, डिझेल इंजिनाला तोंड असेल तर ते सायलेन्सर आहे. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण हवा पुरत नाही. एअर फिल्टर धुळीनं भरलाय, किंवा टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपची पट्टी ढिली झालीय. नव्या ट्रॅक्टरला पहिल्या ५०-१०० तासांत या पट्ट्या ढिल्या होतात, एकदा पाना फिरवून बघा. लोड घेताना शिट्टीसारखा किंवा सूं सूं आवाज आला तर तिथंच शोधा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा कुठून तरी पाणी आत येतंय. निळसर असेल तर ऑइल जळतंय, आणि नव्या ट्रॅक्टरला ते असेल तर थेट शोरूम गाठा. आणि पॉवर गेली पण धूर काहीच वाढला नाही, तर? तर इंजिनाला डिझेलच कमी मिळतंय. आमचा ट्रॅक्टर पडायचा तेव्हा सायलेन्सरवर निळं आभाळ स्वच्छ दिसायचं.

म्हणजे स्कॅनरचा कोड खरा होता, दाब कमी. पण का, ते स्कॅनर सांगत नाही. टाकीपासून पंपापर्यंत टाकी, आतली जाळी, नळी, पाणी वेगळं करणारा फिल्टर, मुख्य फिल्टर इतकं सगळं येतं. फिल्टर नवे. खालचा स्क्रू ढिला करून बाटलीत काढून बघितलं, पाणी नाही. नळी कुठं दुमडलेली नाही, कुठं ओलसर नाही.

इथं मी आण्णांना तो प्रश्न विचारला जो ऑफिसमध्ये प्रत्येक बगला विचारतात. मेपासून आतापर्यंत काय बदललं? आण्णा म्हणाले, "काईच न्हाई." आमच्या टीममध्येही सगळे हेच म्हणतात. कधीच खरं नसतं.

आता वहीतले आकडे ऐका. सोमवारी टाकी फुल, सकाळी ६.४० ला सुरू, ७.२५ ला पॉवर गेली. मंगळवारी मी मुद्दाम डिझेल भरू दिलं नाही, टाकी साधारण अर्धी. ६.३० ला सुरू, पावणेनऊपर्यंत एकदाही पडला नाही. डिझेल तेच! त्याच पंपावरचं, त्याच दिवशी आणलेलं. भेसळ असेल तर अर्ध्या टाकीतही असायला हवी ना? मंगळवारी दुपारी टाकी भरली, बुधवारी पुन्हा पाऊण तासात पडला.

फुल टाकी आणि अर्ध्या टाकीत फरक कशाचा? हवेचा. टाकीत वर मोकळी जागा किती, त्याचा. रात्री गच्चीवर पडल्यापडल्या हे डोक्यात आलं आणि शाळेतला बॉइलचा नियम आठवला, दहा वर्षांत पहिल्यांदा. रोटरवर आमचा ट्रॅक्टर तासाला ६ लिटरच्या आसपास डिझेल खातो. टाकी फुल असताना वर समजा ३ लिटर हवा आहे. अर्ध्या तासात ३ लिटर डिझेल गेलं, म्हणजे तीच हवा आता ६ लिटर जागेत पसरली. बाहेरून हवा आत येत नसेल तर दाब निम्मा! पंपाला वरून ओढणाऱ्या टाकीशी झगडून डिझेल खेचावं लागतं. टाकी अर्धी असेल तर वर ३० लिटर हवा, अर्ध्या तासानं ती ३३ झाली, दाब दहा टक्केही उतरत नाही. अर्थात हे कागदावरचं गणित. टाकी थोडी आत दबते, कुठून तरी हवा झिरपते, म्हणून आमच्याकडे अर्ध्याच्या ऐवजी पाऊण तास लागायचा. बंद करून वीस मिनिटं थांबलं की हवा हळूहळू झिरपून आत जायची आणि ट्रॅक्टर पुन्हा शहाणा.

पण बाहेरून हवा का येत नाही? टाकीच्या झाकणाला त्यासाठीच बारीक वाट ठेवलेली असते. गुरुवारी टाकी फुल करून रोटर जोडला, पडायची वाट बघितली. पडला. मी म्हटलं, "आण्णा, चालू राहू दे, फक्त झाकणाची किल्ली द्या." डिझेल चोरीला जातं म्हणून झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली आण्णांच्या करगोट्याला. ते म्हणाले, "थांब, मीच उघडतो." मी म्हटलं, नको, मला उघडू दे. झाकण अर्धं फिरलं आणि फुस्स करून हवा आत खेचली गेली. मिनिटाभरात आरपीएम वर. आणि झाकणाच्या आत, तोंडावर घट्ट बसवलेला, आत खोलगट ओढला गेलेला खताच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा.

मी आण्णांकडे बघितलं. ते रोटरकडे बघत होते.

शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या वेळी बजावलं होतं की या इंजिनाला डिझेलमधलं पाणी चालत नाही, इंजेक्टर जातील, खर्च मोठा आहे. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला, ट्रॅक्टर उघड्यावर होता. आण्णांनी काळजीनं झाकणाखाली प्लास्टिक लावलं. डिझेल भरताना ते स्वतः कुलूप उघडायचे, प्लास्टिक काढून खिशात, भरलं की परत लावायचे. म्हणून ते कोणालाच दिसलं नाही, मेकॅनिकलाही नाही. आणि मेकॅनिकनं फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर का चालला? कारण फिल्टर बदलताना आण्णांनी झाकण उघडलं होतं आणि मधे तासभर इंजिन बंद होतं. ट्रॅक्टर फिल्टरनं नाही, विश्रांतीनं चालला. आम्ही ऑफिसमध्ये सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करतो ना, अगदी तेच.

मी तेवढ्यावर थांबले नाही. प्लास्टिक काढून फुल टाकीवर दोन तास चालवला, ठीक. मग पुन्हा प्लास्टिक लावलं. चुलतभाऊ ओरडला, "आता कशाला बिघडवतीस?" पन्नास मिनिटांनी पडला. मग काढलं ते कायमचं. अडचण मुद्दाम परत आणता आली की मगच मी ती सुटली म्हणते, नाहीतर फक्त नशीब.

शोरूमला फोन केला, पंप काढायचं रद्द केलं. मेकॅनिकदादा येऊन कोड पुसून गेले. हसले नाहीत. म्हणाले, ताई, आता मी पहिलं झाकण बघीन. तुमच्या गावच्या मेकॅनिकनं "पंपाचं सील तोडून थोडं वाढवून देतो" किंवा "मॅपिंग करून घेऊ" असं सुचवलं तर वॉरंटी जाते, एवढं विचारात घ्या. आम्ही त्या सोलापूरच्या माणसाकडे गेलो असतो तर वॉरंटी घालवून प्लास्टिकसकट परत आलो असतो.

त्या वाफशात १४ पैकी ९ एकर झाले. नानाकाकांचं गेलं ते गेलंच. पुढच्या पाळीला मात्र त्यांनी स्वतः फोन केला.

आण्णांनी आता ट्रॅक्टरवर पत्र्याचं छप्पर केलंय. महिनाभर ज्या पंपाला भेसळवाला म्हणत होते, तिथूनच डिझेल आणतात. पंपवाल्यानं विचारलं, ट्रॅक्टरला काय झालं होतं म्हणे? आण्णा म्हणाले, "झाकणाचा फॉल्ट होता."

पुढच्या भागात भेटू. तुमच्याकडे ट्रॅक्टर पडत असेल तर वेळ, टाकी किती भरलेली आणि धुराचा रंग, एवढं लिहून पाठवा. "ओढत नाही" एवढंच पाठवू नका.