होडीचें जमिनीवरील आसन

ओझर म्हटलें कीं विमानें आठवतात. 1964 सालीं येथें विमानांचा कारखाना निघाला. त्या गांवाच्या निमित्तानें होडीविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण ओझर ज्या निफाड तालुक्यांत मोडतें, त्याच तालुक्यांत गोदेच्या कांठीं चांदोरी आणि सायखेडा हीं गांवें आहेत. 2016 व 2019 च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील वस्तींत पाणी शिरलें होतें. अशा वेळीं होडीच लागते. आणि नदीपासून दूर राहणाऱ्याची होडी वर्षांतील बहुतेक दिवस पाण्यांत नव्हे, तर मोटारीमागील ट्रेलरवर काढते.

पाणी होडीला सर्व बाजूंनीं उचलून धरतें. ट्रेलरवर मात्र तिचा बहुतेक भार दोन लांब लाकडी फळ्यांवर येतो. ह्या फळ्या कुजल्या किंवा भलत्याच जागीं बसल्या, तर फायबरच्या तळाला खळगा पडतो. विशेष जपावयाचें तें मागील टोकाला. फळी आंखूड पडून तें टोक अधांतरीं राहिलें आणि त्यावर इंजिनाचा भार लोंबकळला, तर तळ तेथें हळूहळू वाकतो. मग होडी वेग घेऊं लागली कीं नाक पाण्यांत खुपसूं पाहते. विमान उचलतांनाही जॅक ठरलेल्या जागींच लावतात, तें उगीच नव्हे. म्हणून फळी होडीच्या मागील कडेपर्यंत पोंचली पाहिजे, आणि तळाच्या आंत जेथें बळकटीसाठीं लांबट पट्ट्या बसविलेल्या असतात, नेमकी त्यांच्याखालीं आली पाहिजे.

लाकूड जून सागाचें घ्यावें. महाग पडतें, पण पाण्याला टिकतें. वर नायलॉनचा जाड गालिचा ताणून बसवितात. स्क्रूचीं डोकीं गालिच्याखालीं, लाकडांत खोल बसवावीं आणि तीं न गंजणाऱ्या पोलादाचीं असावीं. एक डोकें वर राहिलें, तरी दर खेपेस तळावर ओरखडा उठतो.

आतां बदलण्याची रीत. होडी पाण्यांत उतरवून ट्रेलर रिकामा करणें सर्वांत सोपें. तें शक्य नसेल, तर चाकांना पाचरी लावून होडी भक्कम टेकूंवर घ्यावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या होडीखालीं कोणीही शिरूं नये. एवढ्या एका बाबतींत मी हट्टी आहें. जुनी फळी काढण्यापूर्वीं तिची उंची, तिरपेपणा व मागच्या टोकाचें अंतर लिहून ठेवावें. दोन्ही फळ्या एकदम सोडूं नयेत. एक जागेवर असली म्हणजे दुसरीचा नमुना डोळ्यांसमोर राहतो.

नवी फळी बसविल्यावर बोल्ट हातानें फिरतील इतकेच आवळावेत. होडी पाण्यांतून हळूच ट्रेलरवर घ्यावी. तिच्या भारानें फळ्या तळाच्या उतारास अनुसरून आपोआप कलतात. बाहेर आल्यावर एकदां इकडचा, एकदां तिकडचा, असे बोल्ट पान्यानें आवळत जावे. नंतर कागदाची पट्टी फळी व तळ ह्यांमधून सरकवून पाहावी. जेथें ती सहज आंत जाईल, तेथें पोकळी आहे असें समजावें आणि त्या बाजूचा आधार किंचित् उचलावा.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. फळ्या बदलल्या कीं होडी थोडी मागें-पुढें बसते. ती फार मागें गेली, तर मोटारीच्या जोडावरील भार कमी होऊन ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलूं लागतो. आग्रा रोडच्या वाहतुकींत हा प्रकार जिवावर बेतेल. त्या जोडावर एकूण ओझ्याचा विसावा ते दहावा हिस्सा भार यावा.

हें सारें मे महिन्यांत उरकावें. होडी ट्रेलरवर चढवून चार-पांच कोस हिंडवून आणावी, आणि घरीं परतल्यावर सारे बोल्ट पुन्हां आवळावे. पहिल्याच फेरींत लाकूड दबून ते हमखास सैल पडतात.