मासा राखायचा, पण कुणासाठी?

(हदगाव इथं युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'मार्गदर्शन' छापलंय. ते आधी खोडा. मार्ग ठाऊक असता तर तुमच्याशी वाद घालायला आलो नसतो. सवाल एवढाच आहे. पैनगंगेतले मासे राखायला एक गट निघतोय, आपल्या पोरांनाही बोलावणं आलंय. जायचं का नाही?

मी पहिल्यांदा नाहीच म्हणालो. बंदी म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो उगाच येत नाही. २०१५ साली या राज्यात गोवंशहत्याबंदी आली तेव्हा कुणाच्या ताटातला तुकडा गेला? आता नदीवर पाटी लागणार, मासे धरू नयेत. ज्याला बाजारातनं विकत आणता येतं त्याचं काय जातं?

बहात्तरचा दुष्काळ. मी आठ वर्षांचा. माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. सुकडी मिळायची, ती किती पुरणार? नदीची धार तुटलेली, नुस्ते डोह उरलेले. सांजच्याला माय आणि शेजारची मावशी जुन्या लुगड्याची दोन टोकं धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरायच्या. बोटाएवढ्या मासुळ्या, थोडे झिंगे. मीठ-मिरची लावून तव्यावर. त्या साली आमच्या हाडावर जे काय मांस राहिलं ते त्या डोहाचं. म्हणून नदी राखायला निघालेल्या माणसाला माझा पहिला सवाल असतो, त्या लुगड्याचं तुम्ही काय करणार?

महाड तालुक्यात वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे. कुणी धरत नाही, लोक खाऊ घालतात, मासे निर्धास्त. चांगली गोष्ट आहे. पण त्याच महाडला चवदार तळं आहे. तिथं गुराढोरांना पाणी होतं, माणसाला नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीनं प्यायलं, तर मागनं तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. मासा राखणारा समाज माणूस राखतोच असं नाही, हे ध्यानात असू द्या.

मग माझं मत बदललं कशानं?

माझ्या चुलतभावानं. विहिरीच्या कामावरची जिलेटिनची कांडी चोरून आणली, डोहात टाकायला निघाला. हातातच फुटली. तीन बोटं गेली. दवाखान्यात मी त्याला म्हणालो, गाढवा, किती मासे मिळणार होते? तो म्हणाला, वर येतात ते दोन पाट्या, बाकीचे तळाला जातात. तळाला जातात, सडतात, अंडी-पिल्लं सगळी खतम. १८९७ च्या इंग्रजी कायद्यानंच स्फोटानं आणि विषानं मासे मारणं गुन्हा ठरवलंय. तरी कांडी टाकणाऱ्यांत, ब्लिचिंग पावडर ओतणाऱ्यांत आपलीही पोरं आहेत. इथं बसलेल्यांपैकी दोघं खाली बघायलेत. बघू द्या.

मरळ माहीत आहे ना? अंडी फुटली की तांबड्या पिल्लांचा थवा वर येतो आणि आई-बाप खालनं पहारा देतात. आपण नेमका तोच थवा हेरून खालची मोठी मरळ मारतो. दोन किलोचा मासा मिळाला म्हणून नाचतो. मागं राहिलेली पिल्लं दोन दिवसांत दुसरे मासे गिळतात. माझ्या मायचा डोह असाच रिकामा झाला. सगळा सवर्णांनी नाही केला.

सगळा आपणही नाही केला. वाळू उपसून डोह बुजवले कुणी? इसापूरचं पाणी कालव्यानं जातं, खालची नदी उन्हाळ्यात कोरडी पडते, ते पाणी नदीत सोडा म्हणून दरसाल गावं ओरडतात. गटाच्या कागदावर लुगडं आणि गळ आहे, वाळूचा हायवा नाही. कायद्यानं बाईला हटकायचं आणि हायवाला वाट द्यायची, असला गट आपल्याला नको.

म्हणून म्हणतो, जा. पण सही करायला नाही, नियम लिहायला जा. पावसाळ्यात मासा चढणीला लागतो तेव्हा बारीक आसाचं जाळं बंद, कबूल. कांडी आणि विष कायम बंद, कबूल. पोटापुरतं धरणाऱ्या बाईला हात लावायचा नाही. आणि वाळूचं कलम पहिलं.

गोंदिया जिल्ह्यात ढिवर बायांनी तलावातली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, हरवत चाललेले मासे परत आणले. कुणाच्या परवानगीनं नाही, स्वतःच्या मेहनतीनं. मध्य प्रदेशात तवा धरणानं उठवलेल्या आदिवासींनी १९९६ ला मासेमारीचा हक्क लढून घेतला, पावसाळ्याची बंदी स्वतः पाळली. २००६ नंतर सरकारनं तो हक्क पुन्हा दिला नाही. राखणाऱ्याच्या हातातनंही पाणी काढून घेतात. तेव्हा हक्क कागदावर मागा, शब्दावर नको.

अजून एक. भोई आणि आपण एकाच नदीचे, पाणवठे मात्र वेगळे. तो आपल्याला मासेचोर म्हणतो, आपण त्याला ठेकेदाराचा माणूस. त्या गटाच्या बैठकीला एकटे गेलात तर तिथं आपल्याला भोयाशी झुंजवतील. म्हणून रविवारी आधी भोईवाड्यात जायचं. मी येतो. चुलतभावालाही आणतो, त्याचा हात बघू द्या सगळ्यांना. चहा ते पाजतील का नाही, ते तिथं गेल्यावर कळेल.