नाव ‘करमणूक’, काम मोठे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी शाळेत असताना मुकुटबनच्या आमच्या घरी रात्री आत्याला एक जुनी कादंबरी वाचून दाखवत असे. पाने सुटलेली, मुखपृष्ठ केव्हाच गेलेले. एक प्रकरण संपले की आत्या म्हणायची, “राहू दे बाप्पा, बाकीचं उद्या वाचजो.” मला पुढचे कळायची घाई, ती मात्र रोज एकच प्रकरण ऐके. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ती कादंबरी. ती मुळात अशीच थांबत थांबत वाचली गेली होती, हे मला फार पुढे कळले.

आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. इंग्लंडात डिकन्सच्या साप्ताहिकांतून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत होत्या. मराठीतही ती सुरुवात झाली होती. आपट्यांचीच ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये आली होती. पण ‘करमणूक’चा जीवच कथा-कादंबरीत होता. जोडीला चरित्रे, कविता आणि माहितीपर लेख असत. घरातल्या साऱ्यांनी वाचावे, असा तो अंक.

काळ मात्र वादळी होता. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला होता. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात सभा उधळल्या जात होत्या. मुलीचे संमतिवय १० वरून १२ करणारा तो कायदा १८९१ मध्ये झाला. नेमक्या त्याच दिवसांत ‘करमणूक’मधून यमू आपली हकिगत सांगू लागली. लहानपणचे खेळ, लग्न, सासर, शिकवणारा प्रेमळ नवरा, मग वैधव्य आणि जबरदस्तीने झालेले केशवपन.

‘सुधारक’ वाद घालत होता. ‘करमणूक’ गोष्ट सांगत होती. वादाला उत्तर देता येते. पण सुमारे तीन वर्षे आपल्या घरी येत राहिलेल्या मुलीला काय उत्तर देणार? पुढचा अंक येईपर्यंत यमू वाचकाच्या मनात राही. हप्त्याहप्त्याने लिहिण्याचे खरे बळ मला इथे दिसते.

‘करमणूक’ पाव शतकाहून अधिक काळ चालले. शिवकाळावरची ‘उषःकाल’ त्यातच आली. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या सुमारास आपट्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा लिहिली. पुण्यातल्या वाड्यांत वाचल्या जाणाऱ्या मराठी गोष्टीत उपाशी शेतकऱ्याचे घर आले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ती कथा जुनी वाटत नाही. कर्त्या शेतकऱ्यामागे उरलेल्या बायका आम्ही गावोगाव पाहिल्या आहेत.

आता आत्याचे सांगतो. ती तरुणपणीच विधवा झालेली. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या की ती न सांगता स्वयंपाकघरात जाई. कादंबरी संपली त्या रात्री ती एवढेच म्हणाली, “त्या पोरीचं कोनीच नाही आयकलं.” आई तांदूळ निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. पण पुढच्या संक्रांतीला आत्या उठू लागली तेव्हा आईने तिचा हात धरला आणि आपल्या शेजारी बसवून घेतले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला आईचा तो हात आठवला. यमूची कहाणी ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, त्याला तेव्हा १३० वर्षे उलटून गेली होती. ठराव झाला, फार चांगले झाले. पण तो घराघरात पोहोचायचा तर प्रत्येक घरात कुणीतरी कुणाचा तरी हात धरावा लागेल.

तुमच्याही घरी कुणी उठून स्वयंपाकघरात जात असेल, तर तेवढे लक्षात घ्या.