फिश टँकमधले कोरडवाहू शेत



पैनगंगेच्या दक्षिण काठावर, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ आणि बेला मंडलात, कपाशी पिकवणाऱ्या कोणालाही विचारून पाहावे: ओलिताच्या पऱ्हाटीला आणि कोरडवाहू पऱ्हाटीला खताची मात्रा एकच असते का? उत्तर लगेच मिळते. ओलितात पाणी हाताशी असते, म्हणून दिलेले खत अंगी लागते. कोरडवाहूत पाऊस जेवढी साथ देईल तेवढेच खत द्यायचे. त्याहून जास्त टाकले तर पैसा मातीत जातो आणि तण माजते.

हा हिशेब तोंडपाठ असलेल्या घरातच मुलांच्या हौसेखातर दोन फुटी फिश टँक येतो. वाळू पसरली जाते, चार-सहा गप्पी मासे सोडले जातात, थोड्या पाणवनस्पती लावल्या जातात. महिन्याभरात एखादे पान पिवळे पडते आणि घरातले कोणीतरी खताची पुडी शोधू लागते. शेतात असलेले भान काचेपाशी सुटते. खरे तर नवशिक्याची साधी टाकी, म्हणजे जिला कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर नाही आणि झगझगीत दिवेही नाहीत, ती कोरडवाहू शेताचीच बहीण. तिची मात्राही कोरडवाहूचीच हवी.

इथला पाऊस म्हणजे प्रकाश आणि कार्बन. उघड्या हवेशी टेकलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळतो. माशांच्या श्वासातून आणि तळाशी कुजणाऱ्या कचऱ्यातून त्यात थोडी भर पडते. सिलिंडर जोडणारे हौशी लोक हेच प्रमाण 30 मिलिग्रॅमच्या आसपास नेतात आणि त्यावर प्रखर दिवे लावतात. त्यांची रोपे आठवड्याला कापावी लागतात, म्हणून त्यांना खतही भरपूर लागते. त्यांच्या खताच्या बाटलीवरची मात्रा साध्या टाकीत ओतली तर रोपे ती खाऊ शकत नाहीत, आणि दिवा जास्त वेळ चालू राहिला की काचेवर हिरवे शेवाळ चढते. टाकीतले तण ते हेच. साधा एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. खिडकीतले थेट ऊन टाळलेलेच बरे.

साध्या टाकीची परंपरा जुनी आहे. 1850च्या सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे 12 गॅलनच्या, म्हणजे आजच्या दोन फुटी टाकीएवढ्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि वॅलिसनेरियाची रोपे ठेवली. तळाशी वाळू, माती आणि दगड होते. काही दिवसांनी वॅलिसनेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजका पाला फस्त केला आणि पाणी पुन्हा नितळ झाले. मासे रोपांना खाऊ घालतात आणि रोपे माशांना प्राणवायू देतात, हे त्या पात्रात सगळ्यांना दिसले.

हीच वॅलिसनेरिया आदिलाबादच्या पाण्यासाठीही अगदी योग्य. काळ्या मातीच्या आणि बेसाल्टच्या पट्ट्यात विहिरीचे, बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो तो त्याचाच. या जड पाण्यात बायकार्बोनेट असते. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला या दोन्ही वनस्पती त्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढून घेतात. सगळ्याच पाणवनस्पतींना हे जमत नाही. दुपारी दिवा चालू असताना वॅलिसनेरियाच्या लांब पट्टीसारख्या पानावरून बोट फिरवावे, कधी कधी बारीक रवा लागल्यासारखे खरखरीत लागते. रोपाने पाण्यातून कार्बन घेतला आणि मागे उरलेला चुना पानावर बसला, ही त्याची खूण.

आता खताचे पाहू. दोन फुटी टाकीत वाळू आणि दगड वजा जाता साधारण 50 लिटर पाणी उरते. माशांच्या कोरड्या खाद्यात 40 टक्के प्रथिने धरली तर 1 ग्रॅम खाद्यात सुमारे 64 मिलिग्रॅम नत्र असते. त्यातले काही माशांच्या अंगी लागते, बाकीचे विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात येते. म्हणजे चिमूट-चिमूट खाद्य हेच रोपांचे नत्र आणि स्फुरद. ज्या टाकीत मासे आहेत तिला ही दोन खते सहसा वेगळी द्यावी लागत नाहीत.

उणीव पडते ती बहुधा पालाश आणि लोहाची. जे अन्न गरजेच्या मानाने सर्वांत कमी, तेच वाढ अडवून धरते, हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 19व्या शतकात शेतीत रूढ केला. काचेच्या आतही तो तसाच लागू आहे. कपाशीवर लाल्या दिसला, म्हणजे पाने लाल पडू लागली, की जाणता शेतकरी मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडले का ते आधी पाहतो. टाकीतही पानेच बोलतात. जुनी पाने आधी पिवळी पडू लागली तर नत्र कमी. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडली आणि कडा करपल्या तर पालाश कमी. नवीन कोवळी पाने फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची पाने अशीच पिवळी पडतात, कारण चुन्याच्या संगतीत लोह झाडाला मिळेनासे होते.

पालाशसाठी कृषी केंद्रात मिळणारे पाण्यात विरघळणारे सल्फेट ऑफ पोटॅश चालते. त्यातले 5 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवावे. आठवड्यातून एकदा 25 मिलिलिटर घातले की 50 लिटर पाण्यात लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम पालाश पोचते. कोरडवाहू टाकीला एवढे पुरते. लोह चिलेटेड घ्यावे आणि पुडीवरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकारचे लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही; जड पाण्यात डीटीपीए त्याहून बरे. ईडीडीएचए सर्वांत टिकाऊ, मात्र त्याने पाण्याला लालसर छटा येते.

मोह पडतो तो घरातल्या डीएपी खताचा. त्यात 18 टक्के नत्र अमोनियमच्या रूपात असते. फक्त 1 ग्रॅम डीएपी 50 लिटरमध्ये पडले तर लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक अमोनियम-नत्र होते. सामू 8 आणि पाणी 30 अंश असेल तर त्यातले पाव मिलिग्रॅमच्या वर विषारी अमोनिया बनते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले लाल होतात. युरियाही शेवटी अमोनियाच होतो. ही दोन्ही पोती गोठ्याजवळच राहू द्यावीत.

वाळूखाली मातीचा थर देणे ही चांगली रीत आहे. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली पुस्तक लिहून ती घरोघरी पोचवली. थर साधारण एक इंचाचा, वर तेवढीच जाड वाळू. आपल्या काळ्या मातीत पोषक द्रव्ये धरून ठेवण्याचा गुण मोठा आहे, पण ती फुगते, चिकट होते आणि पाणी ढवळले की दिवसभर गढूळ राहते. म्हणून थर आणखी पातळ ठेवावा. शेणखत मिसळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कपाशीच्या वावरातली माती आणू नये. तिथे फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश मातीत असू शकतो, आणि पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात.

उन्हाळ्यात हात आणखी आखडता घ्यावा. मे महिन्यात आदिलाबादचा पारा 45 अंशांकडे जातो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. रात्री रोपेही प्राणवायूच घेतात. अशा दिवसांत खाद्य निम्मे करावे, खत थांबवावे आणि हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा. वाफ होऊन पाणी घटते तेव्हा क्षार मात्र टाकीतच उरतात. त्यावर पुन्हा बोअरचे जड पाणी ओतत राहिले तर जडपणा वाढतच जातो. वाफेची भर आरओच्या पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते बादलीत एक दिवस उघडे ठेवावे.

नव्या टाकीत पहिले चार-सहा आठवडे बाहेरून काहीच खत देऊ नये. क्रिप्टोकोरिन ही पाणवनस्पती लावली असेल तर तिची पाने या काळात विरघळल्यासारखी गळतात. अनेक जण घाबरून रोप उपटून टाकतात. मूळ घट्ट असेल तर राहू द्यावे. दोन-तीन आठवड्यांत बुंध्याशी कोवळी टोके दिसू लागतात.

वॅलिसनेरिया मात्र एकदा रुळली की वाळूवरून आडवा धुमारा सोडते. त्याच्या टोकाला पिल्लू रोप धरते, त्यातून पुढचे. टाकी भरून गेली की ही रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या घरी द्यावीत. ओढ्यात किंवा सातनाला धरणाच्या पाण्यात सोडू नयेत. शोभेसाठी परदेशातून आणलेल्या जलपर्णीने गावोगावच्या तलावांचे काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. आणि एखाद्या सकाळी वॅलिसनेरियाच्या गाभ्यातून दोऱ्यासारखा देठ निघून पाण्याच्या पृष्ठभागाकडे चढताना दिसला, तर घरातल्या मुलांना हाक मारावी. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फूल असते. फळ धरू लागले की तोच देठ स्प्रिंगसारखा वेटोळत फुलाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो.