फाटकापलीकडचा लेआऊट

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘माझं बालपण, माझा मोहल्ला’. आधीच सांगून टाकतो, आमच्याकडे मोहल्ला नव्हता. लेआऊट होता. नागपूरबाहेरच्या दोस्तांना हा शब्द कळत नाही, म्हणून समजावतो. एखादी गृहनिर्माण सहकारी संस्था नाहीतर जमिनीचा धंदा करणारा माणूस शेत विकत घ्यायचा, चुन्याच्या रेषा मारायचा आणि प्लॉट विकायचा. रस्ता, नाली, नळ हे सगळं नंतर. नंतर म्हणजे कधी कधी वीस वर्षांनी. ५७२ लेआऊट आणि १९०० लेआऊट हे आकडे नागपुरात घरोघरी माहीत आहेत, ते याच अनधिकृत अभिन्यासांचे. २००१ चा गुंठेवारी कायदा अशाच वस्त्यांसाठी झाला.

अब्बा सरकारी नोकरीत. मनीषनगरच्या बाजूला त्यांनी प्लॉट घेतला, कारण तेवढाच परवडत होता. मोमिनपुऱ्यातले मामू म्हणाले, “उधर अपना कौन है?” अब्बांकडे उत्तर नव्हतं. प्लॉट विकणाऱ्यानं त्यांचं नाव विचारलं, पण ते पावतीवर लिहायला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मनीषनगर म्हणजे फाटक. वर्धा रोड एका बाजूला, आम्ही रुळांच्या दुसऱ्या बाजूला. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई, दोन्हीकडच्या गाड्या याच नागपूर-वर्धा मार्गावरून जातात, त्यामुळे फाटक उघडं असणं हीच बातमी. शाळेत उशीर झाला की “फाटक बंद होतं” एवढं पुरायचं, कारण सर स्वतः त्याच फाटकात अडकलेले असायचे. अख्खा लेआऊट तिथं भेटायचा. स्कूटर बंद करून माणसं बोलायची: कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाची बदली झाली, टँकर आला का. आम्ही पोरं मालगाडीचे डबे मोजायचो आणि आकड्यावरून भांडायचो.

पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी धरायची की माणूस पुढं आणि चप्पल मागं. एखाद्याची गाडी फसली की ज्याच्या घरासमोर फसली त्यानं मुरूम टाकायचा, असा अलिखित कायदा होता. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. कुलरला पाणी लागायचं आणि नळ तर नव्हता. तिसऱ्या ओळीतल्या काकांच्या प्लॉटवर विहीर होती. सकाळी साडेपाचला तिथं बादल्या लागायच्या. काकांनी कोणाला कधी नाही म्हटलं नाही. काकू मात्र रांग मोडणाऱ्याला सोडायच्या नाहीत, मग तो कोणीही असो.

खेळायला रिकामे प्लॉट होतेच. क्रिकेट, बिल्लस, रेसटीप. आमची भाषाही तिथंच बनली. घरी उर्दू-हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि प्लॉटवर “का करून राहिला बे?” पुण्यात माझ्या टीममधले लोक यावर अजून हसतात. हसू द्या.

माझ्या बहिणीची सगळ्यात लाडकी आठवण भुलाबाईची. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणायच्या आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, मग अंदाज सांगायचा. अम्मीची पाळी आली की पंचाईत, कारण तिची खिरापत कोणालाच ओळखता यायची नाही. एकदा तिनं डब्यात खजूर ठेवले. मुली अर्धा तास चिवडा, शेव, फुटाणे करत राहिल्या. त्या आमच्या अंगणात गायच्या आणि आतल्या खोलीत नानी तस्बीह ओढत बसलेली असायची. तिला त्या गाण्यांतलं सासर-माहेर सगळं कळायचं.

दसऱ्याच्या आसपास आमच्या गाद्या घरात नसायच्या. मागच्या ओळीतलं बौद्ध कुटुंब दीक्षाभूमीला येणाऱ्या गावाकडच्या पाहुण्यांना उतरवून घ्यायचं. वीस-पंचवीस माणसं. १९५६ साली बाबासाहेबांनी तिथं धम्म स्वीकारला तेव्हा त्या घरातले आजोबा तरुण होते, आणि ते तो दिवस पाहुण्यांना दरवर्षी सांगायचे. आमच्या गाद्यांवर झोपलेली माणसं तो ऐकायची, आम्हीही ऐकायचो. तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी नंदी कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी केलेला होता आणि त्याची झूल अम्मीनं शिवली होती. ईदच्या शेवयांवर अम्मी चार मापं जास्त दूध घ्यायची.

आता इथं थांबतो, कारण अशा गोष्टी सांगताना सगळं गोड होऊन जातं. शेजारच्या एक काकू आमच्या घरचं कधीच खायच्या नाहीत. शेवयांचा डबा त्यांची मुलं संपवायची आणि डबा परत येताना त्यात पुरणपोळी असायची. रिकामा कधी आला नाही. याला प्रेम म्हणायचं की अंतर? मी दोन्ही म्हणतो. बकरीदला अब्बा कुर्बानी मामूंकडे करायचे. तसं करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लेआऊटमध्ये करू नये हे त्यांनीच ठरवलं, आणि त्यांनी काय ठरवलंय हे शेजाऱ्यांपैकी कोणाला कधी माहीतही नव्हतं. आमची एकी होती, यात शंका नाही. पण तिच्यासाठी थोडं जास्त कोण सरकून बसत होतं, हे मोठं झाल्यावर दिसतं.

ही जवळीक आली कुठून, यावर मी बराच विचार केलाय. लोक फार उदार होते म्हणून, असं मला वाटत नाही. पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, फाटक बंद होतं. शेजाऱ्यावाचून निभत नव्हतं. २०१९ मध्ये वर्धा रोडवर मेट्रो आली, २०२० मध्ये दुमजली उड्डाणपूल आणि मनीषनगरचा रेल्वेपूल. फार चांगलं झालं. ॲम्ब्युलन्स फाटकात अडकलेली ज्यानं पाहिलीय तो पुलाविरुद्ध बोलणार नाही. पण आता कोणी कोणासाठी थांबत नाही.

आणि आता नाव पावतीच्या आधी विचारतात. पुण्यात मी भाड्यानं फ्लॅट शोधत होतो. दलाल फोनवर छान बोलायचा. आडनाव कळलं की “सोसायटीचा थोडा प्रॉब्लेम आहे सर.” इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी हे वाक्य ऐकलंय? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

संविधानाचं १५ वं कलम काढून वाचा. धर्म, जात यावरून दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते यांत मज्जाव करता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. विहीर आहे. भाड्याचं घर नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध मानला. म्हणजे कायद्यानं विहीर उघडली, पण फ्लॅटचं दार अजून सोसायटीच्या मर्जीवर आहे. गंमत अशी की काकांची विहीर खासगी होती. तिला १५ वं कलम लागूच नव्हतं.

तुमच्यातले काही जण विचारतात, घर कुठं घ्यावं, आपल्या वस्तीत की मिश्र वस्तीत? जो आपल्या वस्तीत घेतो त्याला मी घाबरट म्हणणार नाही. मामूंचा प्रश्न खोटा नव्हता. पण जमत असेल तर मी मिश्र वस्ती सांगेन. आणि तिथं गेलात तर बकरीदचं काय, हे शेजाऱ्यांशी बोलून घ्या. अब्बांसारखं एकट्यानं ठरवू नका.

आमच्या शेजारच्या दोन्ही घरांच्या जागी आता चार मजली स्कीम उभ्या आहेत. आमच्या घरासाठीही बिल्डर दोनदा येऊन गेला. मामू म्हणतात विका, जाफरनगरला या, म्हातारपणी आपली माणसं जवळ हवीत. अम्मी म्हणते, इथली कोण आहेत मग? अब्बांनी बिल्डरला अजून उत्तर दिलेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी घराला रंग काढला.