मंद आच आणि गेलेली लाईट

आज बोलायचंय स्लो कुकरबद्दल, म्हणजे सहा-आठ तास मंद आचेवर आपलं आपण अन्न शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याबद्दल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात त्याची दोन बाजूंनी विचारणा होते. पहाटेची लोकल पकडून ठाण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्या बाया विचारतात, सकाळी घालून गेलं तर रात्री आल्यावर शिजलेलं मिळेल का? आणि दुसऱ्या म्हणजे बारवी धरणाच्या रस्त्याला, कोंडेश्वरकडे, वांगणीच्या बाजूला भाड्याने देतात त्या फार्महाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या बाया. शनिवार-रविवारचे पाहुणे हे भांडं गाडीत घालून आणतात आणि म्हणतात, मावशी, एवढं लावून ठेवा, आम्ही धबधब्यावर जाऊन येतो. पुढे कुणाचं पोट बिघडलं तर नाव मावशीचंच निघतं. म्हणून ते भांडं काय करतं आणि काय करत नाही, हे आपल्याला ठाऊक हवं.

बाहेर एक आवरण, त्यात तापणारी तार, आत जाड चिनीमातीचं भांडं आणि वर बहुतेक काचेचं झाकण. शिट्टी नाही, दाब नाही. आतलं अन्न हळूहळू तापत उकळीच्या जवळ जातं आणि तिथेच राहतं. आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. चुलीच्या वैलावर डाळीचा टोप ठेवायचा, पुढच्या तोंडावर भाकऱ्या भाजायच्या, आणि भाकऱ्या होईतो वैलाच्या उबेवर डाळ मऊ. स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल समजा.

आधी पैशाचं बोलू. हे भांडं घेतल्यानं गॅस वाचेल, बिल कमी येईल, असं कुणी सांगत असेल तर मान हलवू नका. दोनशे वॅटचा कुकर आठ तास सलग चालला तर १.६ युनिट वीज जाते. तूरडाळ आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होते, आणि तेवढा गॅस त्याहून स्वस्त पडतो. स्लो कुकर पैसे वाचवत नाही, तो आपली उभं राहण्याची वेळ वाचवतो. ज्या बाईला घरी यायला रात्रीचे आठ वाजतात तिला ती वेळ मोलाची आहे. जी दिवसभर घरी असते तिने दोन-तीन हजार यात घालू नयेत, असं माझं मत.

हे भांडं निघालं अमेरिकेत. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यांच्या घराण्याचं मूळ लिथुआनियातलं. ज्यू लोक शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, विस्तव पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी कडधान्य-मांसाचं भांडं गावातल्या भट्टीत ठेवायचं आणि रात्रभर विझत जाणाऱ्या उबेवर ते शिजायचं. ती गोष्ट घरात ऐकून त्यांना हे सुचलं. आपल्या रायगडातल्या बेने इस्रायली लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणायचे, तोच हा शनिवार. पुढे १९७१ मध्ये हे भांडं 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी उचलून धरलं.

आपल्याकडेही कुणी स्वस्थ बसलं नव्हतं. १९१० साली बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळसा, वर डब्यावर डबा, आणि लावून कामाला जायचं. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं, सराई कुकर काढला. त्यात खाली थोडं पाणी, वर भात, वरण, भाजीचे डबे आणि बुडाशी कांडी कोळसा. साधारण शंभर ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच माणसांचं जेवण होतं आणि शेजारी बसावं लागत नाही. उसाच्या पाचटापासून असा कोळसा करण्याच्या कामासाठी संस्थेला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे पाचट नाही, पण भाताचा पेंढा आहे. त्यावर शेवटी येते.

आता वापरायचं कसं. भांडं निम्म्याहून जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरायचं. वाफ बाहेर जात नाही, म्हणून नेहमीच्या आमटीपेक्षा पाणी कमी लागतं. बटाटा, सुरण, गाजर तळाला, कारण मांसापेक्षा यांना शिजायला वेळ लागतो. कांदा-लसूण कच्चा टाकला तर आठ तासांनीही उग्र वास येतो, तो आधी तव्यावर परतून घ्या. फोडणी शेवटी, कढलेल्या तेलाची, वरून. नारळाचं दूधही शेवटी, नाहीतर फुटतं. झाकण सारखं उचलू नका, दर वेळी वीस मिनिटं वाढतात. आणि चिनीमातीचं भांडं गॅसवर ठेवायचं नाही, गरम असताना थंड पाण्याखाली धरायचं नाही. तडा जातो.

डाळ मऊ होईना, अशी तक्रार बऱ्याचदा येते. त्याला दोन कारणं असतात. एक म्हणजे चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातलेला. आंबट पडलं की दाणा आखडतो, म्हणून आंबट डाळ शिजल्यावर. दुसरं म्हणजे पाणी. फार्महाऊसवर बहुधा बोअरचं पाणी असतं, ते जड असेल तर डाळ तासन् तास टणक राहते. पिण्याचं गोडं पाणी घ्या.

या भांड्याला सगळ्यात मानवणारा पदार्थ आपल्या शेजारणींकडे आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये आली, १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, आणि त्यांच्याबरोबर साई भाजी आली. भिजवलेली चणाडाळ, भरपूर पालक, थोडा आंबट चुका, वांगं, बटाटा, गाजर, असेल ती भाजी. सगळं मऊ शिजवून घोटायचं आणि वर लसणाची फोडणी. स्लो कुकरमध्ये करायची तर चणाडाळ चार तास भिजवा, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग भाज्यांबरोबर घाला. चुका मात्र शेवटच्या अर्ध्या तासात, कारण वर सांगितलंच.

आता नीट ऐका. राजमा. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळखळत्या उकळीनं मरतं, मंद आचेनं मरत नाही. उलट ऐंशी अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त बाधू शकतो. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब. आणि स्लो कुकर नेमका त्याच ऐंशी-नव्वद अंशांत रेंगाळतो. म्हणून राजमा निदान पाच तास, खरं तर रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नवीन पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळायचा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालायचा. सोपं म्हणाल तर राजमा शिट्टीच्या कुकरलाच करा. पाहुण्यांनी भिजवलेला राजमा तसाच भांड्यात ओतलेला दिसला तर गप्प बसू नका. ताई, हा आधी उकळून घेते, एवढं म्हटलं की झालं. चवळी, पावटा, वाल यांनाही आधी दहा मिनिटं उकळी द्यायची सवय लावून घ्या.

दुसरी गोष्ट लाईटची. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराच्या वर माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. अशा दिवसांत घरात कुणी नसताना आठ तास विजेवर चिकन ठेवणं म्हणजे जुगार. पाच ते साठ अंश या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. भांडं जाड असल्यानं ते हळू निवतं, म्हणजे बराच वेळ याच टप्प्यात राहतं.

त्यातही फसवणूक कुठली, तर बटण फिरवायचा साधा कुकर लाईट आली की पुन्हा सुरू होतो. तुम्ही संध्याकाळी येता, भांडं गरम, वास छान. मधले तीन तास ते कोमट पडलं होतं, हे कळायला मार्ग नाही. आकडे दाखवणाऱ्या कुकरचा वेळ बहुधा पुसला जातो आणि तो बंदच राहतो, म्हणजे निदान समजतं. मग करायचं काय? घरी असाल तर लाईट जाताच टोपात काढून गॅसवर शिजवून टाका. अन्न पूर्ण शिजलेलं असताना लाईट गेली असेल तर दोन तासांत खाऊन टाका. आणि तुम्ही बाहेर होता, लाईट किती वेळ गेली हे शेजारणीलाही सांगता येत नाही, तर ते मांस-मटण फेकायचं. जीव खाली-वर होतो, मला माहीत आहे, पाचशे रुपयांचं मटण असतं. पण पुन्हा उकळलं की शुद्ध झालं, हे खरं नाही. काही जंतू मरतात, त्यांनी सोडलेलं विष मरत नाही. लाईटचा भरवसा नसेल त्या दिवशी स्लो कुकर लावूच नये. इन्व्हर्टरवरही नको. आठ तास त्यावर काढलेत तर रात्री पंख्याला बॅटरी उरणार नाही.

फार्महाऊसवर आणखी थोडं बघावं लागतं. कुकर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा, लोंबत्या एक्स्टेंशन बोर्डाला नको. दगडी ओट्यावर ठेवा, पडद्याजवळ नाही, वायर ओट्यावरून खाली लटकता कामा नये, पाहुण्यांची पोरं ओढतात. चालू भांडं ठेवून बाहेर गेलेलं चालेल का, हे मालकाला आधी विचारा. बर्फात गोठलेलं चिकन थेट घालायचं नाही, आधी फ्रीजमध्ये सुटू द्यायचं. थंड उरलेली भाजी यात गरम करायची नाही, ती गॅसवर. 'वॉर्म'चं बटण शिजलेलं गरम ठेवायला असतं, शिजवायला नाही. उरलं तर भांड्यातच रात्रभर ठेवू नका, पसरट परातीत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजला लावा. उन्हाळ्यात एका तासात.

आणि गटातल्या बायांना एक सांगते. पाहुण्यांचा स्लो कुकर लावून द्यायचा तर द्या, पण तुम्ही तो विकत घेऊन त्यात कोंबडी करायला जाऊ नका. लोक एवढ्या लांब येतात ते चुलीवरच्या रश्शासाठी आणि तांदळाच्या भाकरीसाठी. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात पोपटी लावलीत, तर त्यासाठी वेगळे पैसे मोजतील. स्लो कुकर फार तर पायाच्या सूपाला बरा.

राहिला पेंढा. ज्यांच्या पाड्यावर लाईटच धड नाही, त्यांच्यासाठी हा बिनविजेचा स्लो कुकर. लाकडी खोका किंवा मोठी टोपली घ्या. तळाला आणि कडेनं चार बोटांपेक्षा जास्त जाड कोरडा भाताचा पेंढा दाबून भरा, मधे टोपाएवढी जागा सोडा. भिजवलेली डाळ किंवा तांदूळ घट्ट झाकणाच्या टोपात गॅसवर चढवा. भाताला पाच मिनिटं, डाळीला पंधरा मिनिटं खळखळून उकळी द्या. झाकण न उघडता टोप उचलून पेंढ्यात ठेवा, वर पेंढा भरलेली गोणी, त्यावर गोधडी. भात तासाभरात होतो, डाळीला दोन-तीन तास. टोप जितका भरलेला तितकी ऊब टिकते, अर्धा रिकामा टोप ठेवला तर कच्चं राहील. काढल्यावर हाताला चटका बसेल इतकं गरम असलं पाहिजे. कोमट निघालं तर पेंढा कमी पडला, पुन्हा उकळी आणून लगेच खा. मांस-मटण आणि राजमा या पेटीत नाही. पेंढा ओला झाला की उन्हात वाळवा, नाहीतर बुरशी धरते, आणि उंदरांसाठी खोक्याला झाकण हवंच.